नॉमिनीच्या रकान्यात वडिलांचं नाव

"बसा" म्हणायच्या आधीच त्यांनी पर्समधून ऑक्सिमीटर काढला, डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावला आणि आकडा स्थिर होईपर्यंत माझ्याकडे बघितलंच नाही. मग म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव. पल्स एकशे चार. जिना चढून आले ना, म्हणून." हा खुलासा मला होता की स्वतःला, कोण जाणे.

वय ४७. तालुक्याच्या गावी राहतात, बावीस वर्षं विमा एजंट आहेत. मी त्यांना ताई म्हणत होते, इथेही ताईच म्हणते. त्या मला आधी डॉक्टर म्हणाल्या, मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे असं सांगितल्यावर मॅडम. (त्यांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सोबत फाइल होती, विम्याच्या फाइलसारखीच नीट लावलेली. चार ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिलवरची चाचणी, थायरॉइड, कोलेस्टेरॉल. सगळं नॉर्मल. वर फिजिशियनची दोन ओळींची चिठ्ठी, की हृदयाला काही झालेलं नाही, चिंतेसाठी बघावं. छातीत धडधडलं की माणसानं आधी तिथेच जायला हवं, माझ्याकडे नंतर. ताईंनी तो क्रम बरोबर पाळला होता. फक्त पाचव्या ईसीजीला डॉक्टरांनीच नकार दिला होता.

झालं होतं असं. अकरा महिन्यांपूर्वी त्यांचे धाकटे दीर झोपेतच गेले. वय ४४. सकाळी जाऊबाई चहाला हाका मारत राहिल्या. दिरांची पॉलिसी ताईंनीच काढून दिलेली, त्यामुळे क्लेमचं सगळं त्यांनीच केलं. मृत्यूचा दाखला, दावा अर्ज, जावेचं बँक पासबुक, रद्द केलेला चेक. दोन महिने त्या खंबीर होत्या. घरातले म्हणायचे, ही होती म्हणून निभावलं. "क्लेम पास झाला, पैसे जावेच्या खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला, आणि त्याच रात्री मला पहिल्यांदा झालं."

रात्रीचे अडीच. छातीत ढोल, हातापायांना मुंग्या, घशाशी काहीतरी अडकलेलं, आणि एकच खात्री, की आता मी जाणार. नवऱ्यानं गाडी काढली. त्यानंतर झोप म्हणजे परीक्षाच. दीर झोपेत गेले होते ना.

"मॅडम, मरणाची भीती सगळ्यांनाच असते म्हणतात. मग मलाच एवढी का? आणि ही जायची कशी?"

हा प्रश्न माझ्या खोलीत नवा नाही. शब्द वेगळे असतात. कोणी गॅसेसबद्दल बोलतं, कोणी झोपेबद्दल, कोणी सांगतं की वर्तमानपत्रातलं निधनाचं पान उलटताच येत नाही. चाळिशी-पन्नाशीतली माणसं जास्त, आणि बहुतेकांच्या मागे कुणाचं तरी अचानक जाणं. "इतकी भीती वाटणं म्हणजे डोक्यात काही बिघाड आहे का?" असं दबक्या आवाजात विचारतात. बिघाड नसतो. पण "सगळ्यांनाच वाटते" हे उत्तरही कामाचं नसतं, कारण रात्री अडीचला आपण सगळ्यांबरोबर नसतो, एकटेच असतो.

पहिल्या दोन भेटींत मी आमचं नेहमीचं काम केलं. पॅनिक अटॅक म्हणजे काय, शरीराचा भोंगा आग नसताना कसा वाजतो, भराभर श्वास घेतल्यानं मुंग्या कशा येतात, हे सांगितलं. ऑक्सिमीटर दिवसातून किती वेळा लावता ते लिहून आणायला सांगितलं. एजंट बाई, हिशेब चोख. मंगळवारी एकतीस वेळा. बोट घातलं की हायसं वाटायचं, ते हायसं पंधरा मिनिटं टिकायचं, मग पुन्हा बोट. हे चक्र त्यांनी स्वतःच कागदावर काढून दाखवलं. आकडे कमी करायचा तक्ता ठरला.

"हे पटलं," त्या म्हणाल्या. "मशीन लावणं कमी करीन. आज मरणार नाही हेही पटलं. पण एक दिवस तर खरंच जायचंय ना? तेव्हाचं काय?"

श्वासाच्या कुठल्याही व्यायामाकडे याचं उत्तर नाही. आणि इथे मी जरा हुशारी करायला गेले.

एपिक्युरस हा माझा आवडता ग्रीक तत्त्वज्ञ. महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचाराची शिबिरं केलेल्या लोकांना एपिक्टेटस माहीत असतो, कारण त्या उपचाराचा जनक अल्बर्ट एलिस यानं या दुसऱ्या तत्त्वज्ञाचं बोट धरलं होतं. त्यामुळे मी एपिक्युरस म्हटलं की लोक हटकून एपिक्टेटस ऐकतात. दोघं वेगळे, आणि एपिक्युरस चांगला तीनशेहून जास्त वर्षं आधीचा. जन्म इ.स.पू. ३४१, सामोस बेटावर, शाळामास्तरांच्या घरी. इ.स.पू. ३०६ च्या सुमारास तो अथेन्सला आला आणि शहराच्या वेशीबाहेर ऐंशी मिनांना (मिना हे तेव्हाचं ग्रीक चलन) एक बाग विकत घेतली. त्याच्या विचारांच्या शाळेचं नावच 'बाग' पडलं. तिथे बायकांना आणि गुलामांनाही प्रवेश होता.

आणि तो अणुवादी होता. त्याच्याआधी शंभरेक वर्षं डेमोक्रिटसनं सांगितलं होतं की जगात खरे दोनच: न कापता येणारे अणू आणि त्यांच्यामधली पोकळी. एपिक्युरसनं ते उचललं, पण त्याला अणूंचा सोस नव्हता. त्यानं स्वच्छ लिहून ठेवलं आहे की आकाशातल्या घडामोडींची आणि मरणाची भीती माणसाला छळत नसती, तर निसर्गाचा अभ्यास करायची गरजच पडली नसती. भौतिकशास्त्र हे त्याच्या लेखी औषध होतं. वीज पडते ती देव रागावला म्हणून नव्हे. आत्मासुद्धा अणूंचाच, फार बारीक अणूंचा, सगळ्या अंगात पसरलेला. शरीर मोडलं की तेही विखुरतात, आणि मग जाणीव धरून ठेवायला कुणी उरत नाही. जिथे जाणीव नाही तिथे दुःख कुठून येणार?

यातून त्याचं ते प्रसिद्ध वाक्य येतं, आणि तेच मी ताईंना ऐकवलं. आपण असतो तोवर मरण नसतं, आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो. मग त्याच्याशी आपला संबंध काय? ऐकवून मी जरा मागे टेकले. खोटं कशाला बोलू, दाद मिळेल अशी अपेक्षा होती.

ताईंनी क्षणभर विचार केला. "मॅडम, बावीस वर्षं मी ह्याच वाक्याशी भांडतेय. 'आपण गेल्यावर आपल्याला काय?' असं म्हणणारा माणूस पॉलिसी घेत नाही."

मी हसले. त्याही हसल्या. पण भेट संपताना त्यांनी पर्सची चेन उघडली आणि दारातच बोटाला मशीन लावलं.

त्या संध्याकाळी मी एपिक्युरसचं मेनोशियस नावाच्या शिष्याला लिहिलेलं पत्र पुन्हा काढून वाचलं. लहानसं पत्र आहे, अर्ध्या तासात होतं. आणि लक्षात आलं की मी एक शब्द गाळला होता. ते वाक्य 'मरण आपल्यासाठी काहीच नाही' असं सुरू होतच नाही. ते सुरू होतं 'सवय लाव' असं. मरण आपल्यासाठी काहीच नाही, असं मानायची स्वतःला सवय लाव. पत्राच्या शेवटी तो पुन्हा बजावतो: याचा रात्रंदिवस सराव कर, एकट्यानं कर आणि आपल्यासारख्या माणसाबरोबर कर. म्हणजे तो वाद जिंकायला निघालेला वकील नव्हता, तालीम घेणारा वस्ताद होता. आणि मी पहिल्याच दिवशी कुस्ती चितपट करायला निघाले होते, तेही विमा एजंटाशी.

दुसरं असं की औषध देण्याआधी दुखतं कुठे ते मी विचारलं नव्हतं. 'मरणाची भीती' हा एकच शब्द आहे, पण त्याच्या पोटात चार निरनिराळ्या भीत्या असू शकतात. वेदना होतील, ही एक. मागच्यांचं कसं होईल, ही दुसरी. आयुष्य हातचं राहून गेलं, ही तिसरी. आणि मेलेलं असणं कसं वाटेल, ही चौथी. एपिक्युरसचं ते वाक्य फक्त चौथीवर चालतं. पहिल्या तिघींवर ते लावलं तर माणसाला वाटतं, या बाईला माझं कळलंच नाही.

पुढच्या भेटीत मी आधी चूक कबूल केली. मग विचारलं, "रात्री अडीचला नेमकं काय दिसतं? विचार नको सांगू... माफ करा, नका सांगू. चित्र सांगा."

(घाईत अरे-तुरेवर येणं ही माझी खोड आहे. ताई म्हणाल्या, "चालेल हो, मोठ्या बहिणीसारख्या आहात." मी अहो-जाहोच ठेवलं.)

चित्र असं होतं. घरातला हॉल. सोफा भिंतीकडे सरकवलेला. खाली सतरंजीवर त्या स्वतः, नाकात कापूस, ओठांवर तुळशीपान. बायका भिंतीला टेकून बसलेल्या. आणि टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला त्यांचा मोबाइल थरथरतोय. कुणाचा तरी हप्ता भरायचा आज शेवटचा दिवस आहे, पॉलिसी बंद पडेल. फोन थांबतो, परत थरथरतो. कुणी उचलत नाही. "मला ऐकू येतंय, मॅडम. पण हात हलत नाही."

हे सांगताना त्यांचा उजवा हात खरोखरच मांडीवर लाकडासारखा पडला होता.

मी लगेच काही बोलले नाही. मग विचारलं, "ताई, ऐकू कुणाला येतंय?"

"मलाच की."

"सतरंजीवर जी आहे तिला?"

त्या गप्प. पंखा फिरत होता. "नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "तिला कसं येईल. मी... मी दारात उभी राहून बघतेय बहुतेक."

एपिक्युरसनंतर दोनशे-सव्वादोनशे वर्षांनी रोममध्ये ल्युक्रीशियस नावाचा कवी झाला. त्यानं हे सगळं अणुविज्ञान लॅटिन कवितेत घातलं. त्या कवितेत नेमकी हीच जागा आहे. आपलं प्रेत कुजेल किंवा जनावरं खातील या कल्पनेनं हळहळणारा माणूस न कळत स्वतःचा एक तुकडा बाहेर काढून ठेवतो, तो त्या प्रेताशेजारी उभा करतो आणि त्याच्या डोळ्यांनी बघत रडतो. खऱ्या मरणात असा शेजारी उभा राहायला दुसरा 'मी' उरणारच नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही. ही कविता शेकडो वर्षं जवळजवळ विस्मरणात गेली होती. १४१७ मध्ये पोज्जो ब्राच्योलिनी नावाच्या ग्रंथवेड्या माणसाला तिचं हस्तलिखित सापडलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन माणसाच्या डोक्यातलं चित्र आणि आमच्या तालुक्यातल्या हॉलमधलं चित्र यांत फरक काय, तर चार्जिंगचा मोबाइल.

ल्युक्रीशियसचं हे म्हणणं मी ताईंना चार वाक्यांत सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण मॅडम, मी तर पुनर्जन्म मानते. आमच्याकडे पारायण असतं दरवर्षी. आत्मा अणूंचा वगैरे मला नाही पटत."

बरोबर होतं. समुपदेशकानं कुणाच्या देवघरात हात घालायचा नसतो, आणि ग्रीक माणसाच्या हातानं तर मुळीच नाही. आपल्याकडेही देह भस्म झाल्यावर परत कसला येतो, असं विचारणारा चार्वाक होऊन गेला, आणि त्याच्या वाट्यालाही एपिक्युरससारखीच बदनामी आली: तूप प्या, मजा करा म्हणणारा. प्रत्यक्षात एपिक्युरसचं रोजचं जेवण पाव आणि पाणी. एका मित्राला तो लिहितो की चीजचं एक छोटं मडकं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. त्यानं देवही नाकारले नव्हते. देव आहेत, सुखात आहेत, आणि आपल्या भानगडीत पडत नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. असो. आणि त्याचे अणू म्हणजे आजच्या विज्ञानाचे अणूही नव्हेत, आजचा अणू तर फुटतो. त्याचं पदार्थविज्ञान कुणी मान्य करायची अट नाही.

मी ताईंना एवढंच विचारलं, "तुमच्या पारायणात काय सांगतात? आत्मा देह सोडून गेल्यावर तो सतरंजीवर अडकून फोन ऐकत बसतो?"

"छे. तो तर पुढे गेलेला असतो. देह म्हणजे टाकलेलं लुगडं."

"म्हणजे अणुवाला म्हणतो तिथे कुणी नाही. तुमची पोथी म्हणते तिथे कुणी नाही. मग त्या सतरंजीवर आहे कोण?"

त्यावर त्या जे हसल्या, ते मला अजून आठवतं. मोकळं नव्हतं ते, जरा घाबरटच होतं. पण मांडीवरचा हात हलला आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले.

मग मी त्यांना दुसरी एक गंमत दिली, तीही ल्युक्रीशियसचीच. तो म्हणतो, रोमचं जुनं शत्रुराज्य कार्थेज, त्याच्या फौजा चालून आल्या, सगळं जग हादरलं, तेव्हा आपल्याला काही त्रास झाला का? आपण जन्मलोच नव्हतो. मेल्यानंतरचा काळ हा त्याचाच आरसा. आता ताईंना कार्थेज सांगून काय उपयोग! मी विचारलं, "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही काय खाल्लं?"

"अहो, मी सत्त्याहत्तरची. आई सांगायची. खडी फोडायला जायची रस्त्याच्या कामावर, मोठ्या भावाला पोटाशी बांधून. सुकडी मिळायची. लाल मिलो ज्वारी खाल्लीय त्यांनी, घशाखाली उतरायची नाही."

"तुम्हाला भूक लागली होती?"

"मी नव्हतेच ना, मॅडम."

"नसण्याचा त्रास झाला?"

त्यांनी बराच वेळ खिडकीकडे पाहिलं. "नाही. पण तेव्हा मला मुलगी नव्हती. आता आहे."

तत्त्वज्ञांनी या आरशाच्या युक्तिवादावर जाडजाड ग्रंथांत आक्षेप घेतले आहेत, आणि त्यांतला सगळ्यात वजनदार आक्षेप ताईंनी एका दमात घेतला. जन्माआधी आपण काही गमावत नाही. मरणानं गमावतो. मी मान्य केलं. ही चौथी भीती नव्हे, ही दुसरी. हिला दुसरं औषध.

आणि इथे एपिक्युरस पुन्हा कामाला आला, या वेळी वाक्यानं नव्हे, वागण्यानं. इ.स.पू. २७० मध्ये तो वारला, बहात्तराव्या वर्षी. मुतखड्यानं लघवी अडली, चौदा दिवस काढले. शेवटच्या दिवशी मित्राला पत्र लिहिलं: वेदना इतक्या आहेत की याहून जास्त होऊ शकत नाहीत, पण आपल्या गप्पांची आठवण त्यांच्यासमोर ठेवली आहे. कोमट पाण्याच्या कांस्याच्या टबात बसून, पाणी न घातलेली वाइन मागून, मित्रांना शिकवण विसरू नका असं सांगत तो गेला, असं त्याचा प्राचीन चरित्रकार नमूद करतो.

वेदनेबद्दल मात्र माझं त्याच्याशी जमत नाही. तीव्र दुखणं फार टिकत नाही आणि टिकणारं दुखणं सोसवतं, असं त्याचं सूत्र होतं. कर्करोगाच्या रुग्णांच्या घरी गेलेला कुणीही हे मान्य करणार नाही. आज मॉर्फिन आहे, वेदनाशमन करणारी पॅलिएटिव्ह सेवा आहे, आणि वेदनेच्या भीतीवर मी त्यांचीच माहिती देते, ग्रीक सूत्र देत नाही. ताईंच्या वडिलांचे शेवटचे दोन महिने फार वाईट गेले होते, त्यावर आम्ही अख्खी एक भेट बोललो. तिथे एपिक्युरसचं नावही निघालं नाही.

पण त्याच्या त्या शेवटच्या पत्राचा शेवट काय आहे? मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष ठेव. मेट्रोडोरस हा त्याचा जिवलग, सात वर्षं आधी वारलेला. एपिक्युरसचं मृत्युपत्रही टिकून राहिलं आहे. त्यात मेट्रोडोरसच्या मुलाच्या शिक्षणाची आणि मुलीच्या लग्नाची तजवीज आहे, बाग कुणी चालवायची ते आहे, माईस आणि आणखी काही गुलामांना मुक्त केल्याची नोंद आहे. दर महिन्याच्या विसाव्या दिवशी सगळ्यांनी जमावं म्हणून खर्चाची सोयसुद्धा आहे.

मी हे सांगत होते आणि ताई पुढे सरकून ऐकत होत्या. "म्हणजे 'मरण काहीच नाही' म्हणणाऱ्यानं नॉमिनी भरला होता!"

"भरला होता."

"मग हा आमच्यातलाच."

मी सहज विचारलं, "तुमच्या पॉलिसीला नॉमिनी कोण आहे?"

चेहरा उतरला. बावीस वर्षांत शेकडो लोकांचे फॉर्म भरलेली बाई. स्वतःची पहिली पॉलिसी एजन्सी घेतली तेव्हाची, लग्नाआधीची. नॉमिनी: वडील. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. बदलायचा फॉर्म त्यांच्याच कपाटात गठ्ठ्यानं पडलेला. "दरवर्षी काढते," त्या म्हणाल्या. "पण बदलायचं म्हणजे दादांचं नाव खोडायचं ना."

आणि मग त्या रडल्या. दिरांसाठी नव्हे, वडिलांसाठी. सहा वर्षं थांबलेलं रडणं. दिरांचा क्लेम पास झाल्यावर, सगळं निस्तरून हात मोकळे झाल्यावर, ते रात्री अडीच वाजता धडधडीच्या रूपानं बाहेर यायला बघत होतं, असा माझा अंदाज आहे. सिद्ध करता येणार नाही. पण खोलीतली हवा त्या दिवशी बदलली, एवढं खरं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, म्हणून थोडक्यात सांगते. तक्त्याप्रमाणे ऑक्सिमीटर एकतीसवरून बारावर, मग चारवर आला. मध्ये पुन्हा वीसवर गेला, कारण गल्लीत एक जण वारला. फिजिशियननं मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं. त्यांनी काही महिन्यांची गोळी दिली, ती ताईंनी घेतली. एपिक्युरसमुळे गोळी टळली असं मी सांगणार नाही, टळली नाही. तात्पर्य काढायचंच तर एवढं की... राहू दे, काढत नाही.

सराव मात्र एपिक्युरसचा. हप्त्यांच्या तारखांची त्यांची एक लाल डायरी आहे. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं: 'सतरंजीवर मी नसणार. बहात्तरला नव्हते तशीच.' झोपताना एकदा वाचायचं. भीती वाटत असताना वाचायचं नाही, एरवीच वाचायचं. हा नियम महत्त्वाचा, नाहीतर तेही दुसरं ऑक्सिमीटर होऊन बसतं: वाचलं, हायसं वाटलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा. इटलीतल्या हर्क्युलेनियम गावात इ.स. ७९ ला व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली दबलेल्या ग्रंथांच्या गुंडाळ्यांत त्याच्या शिकवणीचं चार छोट्या ओळींचं रूप सापडलं, ते असंच तोंडपाठ करायला सोपं आहे. देवाची भीती नको, मरणाची काळजी नको, चांगलं ते सहज मिळतं, वाईट ते सोसता येतं. ताईंना ते दाखवलं. चौथी ओळ त्यांनी नापास केली. मीही केली.

एकट्यानं आणि आपल्यासारख्या माणसाबरोबर, असं तो म्हणाला होता. एकट्याचं झालं. दीर गेल्यापासून ताईंनी भिशीला जाणं सोडलं होतं. तिथे 'कसं झालं हो?' म्हणून पुन्हा पुन्हा विचारतात. जाऊबाईही त्याच भिशीत, त्यांनीही सोडली होती. दोघी एका घरात, एकाच गोष्टीनं हादरलेल्या, आणि एकमेकींशी फक्त भाजीपुरतं बोलत होत्या. मी ताईंना एवढंच सुचवलं की त्या रात्रीचं जावेला सांगा. त्यांनी महिनाभर टाळलं. मग एका दुपारी गहू निवडताना सांगितलं. जाऊ म्हणाली, "मी पण रोज अडीचला जागी असते. तुमच्या खोलीतला लाइट दिसतो."

त्यानंतर दोघी रात्री जाग आली तर स्वयंपाकघरात येऊन बसायच्या. चहा नको, झोप जाईल, म्हणून गरम पाणी घेऊन. काय बोलायच्या ते मला त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

शेवटच्या भेटीला त्या आल्या तेव्हा जिना चढून दम लागलेलाच होता. पर्स उघडली. मी त्या मशीनची वाट बघत होते, निघाला तो कागद. नॉमिनी बदलाच्या फॉर्मची झेरॉक्स, शाखेचा शिक्का मारलेली. नवऱ्याचं नाव, मुलीचं नाव, निम्मं निम्मं.

"दादांचं नाव?" मी विचारलं.

"खोडावं लागलंच नाही. नव्या फॉर्मवर जुन्याचं नाव लिहायचंच नसतं. बावीस वर्षं लोकांना सांगतेय, माझ्याच लक्षात नाही." ऑक्सिमीटर सासूबाईंच्या कपाटात आहे म्हणाल्या, सेल काढून. भीती? "येते. पण आता दार वाजवून येते."

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "मॅडम, विकायला नाही विचारत हो. तुमच्या पॉलिसीला नॉमिनी कोण आहे?"

मी "माझे..." म्हणून सुरुवात केली आणि थांबले. मग खाली वाकून टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडला. ताई पर्स परत खुर्चीवर ठेवून, चष्मा लावून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.